तू म्हणशील तसं

रविवारची सकाळ होती. माणिकपूरच्या एका फ्लॅटमध्ये थॉमस आपल्या पलंगासमोर उभा होता. पलंगावर दोन शर्ट पसरलेले होते, एक पांढरा आणि एक निळ्या चौकड्यांचा. चर्चमध्ये मिस्सेला जायचं होतं. दोन्ही शर्ट त्याचेच, दोन्ही धुतलेले, इस्त्री केलेले. त्यातला एक उचलायचा आणि अंगात घालायचा, एवढंच काम.

त्याने पांढऱ्या शर्टाकडे हात नेला. मनात आलं, उर्सुलाला माती दिली त्या दिवशी हाच घातला होता. हात मागे आला. मग निळा. निळा उर्सुलानेच निवडलेला, मागच्या नाताळला. पण चौकड्यांचा शर्ट घालून गेलो तर लोक काय म्हणतील? बायको जाऊन वर्षही झालं नाही आणि हा सजून आला! हात पुन्हा मागे आला. पंखा चालू असून त्याच्या कपाळावर घाम जमला. छातीत धडधडायला लागलं. साधा शर्ट, पण थॉमसला वाटत होतं की आपण चुकीचा उचलला तर काहीतरी भयंकर होईल. काय होईल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"पप्पा, झालं का?" सून ब्रिटनी दारात आली. "अरे देवा! अजून बनियनवरच? घंटा होईल आता."

"हे... कुठला..." थॉमस पुटपुटला.

"पांढरा घाला. बेस्ट." तिने बटणं सोडून शर्ट त्याच्यासमोर धरला. थॉमसने लहान पोरासारखे हात बाह्यांत घातले.

डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरून घ्यावा तसं त्याला वाटलं. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, बोचणारं. आज पुन्हा आपल्याला जमलं नाही.

वाचकहो, असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कदाचित तुमच्याच घरात असेल. आपण त्याला काय म्हणतो? आळशी म्हणतो, नाहीतर म्हातारचळ म्हणतो. आणि पुष्कळदा, गंमत बघा, आपण त्याला चांगला म्हणतो!

त्या दिवशी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात तसंच झालं. गावचा, म्हणजे सांडोरचा शेजारी आग्नेल भेटला. तो थॉमसच्या मुलाला, स्टीवनला म्हणाला, "नशीब काढलंस तू. बाप असावा तर असा. कधी तुझ्या शब्दाबाहेर नाही. नाहीतर आमचा म्हातारा! काल पंख्याच्या स्पीडवरून माझ्याशी तासभर भांडला. मी तीनवर ठेवतो, तो उठून दोनवर करतो."

सगळे हसले. स्टीवनही हसला आणि त्याने कौतुकाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. थॉमस जमिनीकडे बघत उभा राहिला.

हा थॉमस पहिल्यापासून असा नव्हता. सांडोरला त्याची वाडी होती. केळी, पानवेल, कडेने चार माड, मध्ये कौलारू घर. वाडीतली राजेळी केळी उतरवायची, पेंढ्यात पिकवायची, सोलून मांडवावर उन्हात वाळवायची आणि त्याची सुकेळी करायची, हा त्यांचा पिढीजात उद्योग. सगळ्या वसईत आता मोजकीच घरं ते करतात. त्या कामात नवराबायकोची एक रीत पडून गेली होती. कोयता थॉमसच्या हातात. घडावरून हात फिरवायची ती उर्सुला. केळ्याच्या कडा भरून गोल झाल्या का, हे ती बोटांनी बघायची.

"कापू?" थॉमस विचारायचा.

"काप," ती म्हणायची. किंवा, "आज नको. उद्या."

लग्न झाल्यापासून रोज सकाळी हे असंच. थॉमसला केळ्यातलं कळत नव्हतं असं नाही. त्याच्या बापाची वाडी, त्याचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. पण शब्द तिने द्यायचा आणि घाव याने घालायचा, हा त्यांचा संसार होता. त्यात थॉमसला कधी कमीपणा वाटला नाही. दोघांचं मिळून एक मन असतं, तसं ते होतं.

मग पावसाळ्याच्या तोंडावर उर्सुला गेली. ताप आला काय आणि माणूस गेलं काय!

महिना झाला, दोन महिने झाले. थॉमस सकाळी कोयता घेऊन वाडीत जायचा. भरलेल्या घडासमोर उभा राहायचा. "कापू?" मोठ्याने विचारायचा. मग थांबायचा. मग घरी परत यायचा. घड झाडावरच पिकले, वटवाघळांनी फोडले, खाली पडून सडले. कुंपणापलीकडे लोक कुजबुजायला लागले, थॉमस एकटाच बोलतो, केळीला प्रश्न विचारतो. कुणीतरी हसत हसत ते स्टीवनच्या कानावर घातलं. स्टीवनला लाज वाटली, पण काळजीही वाटली. तो मुलगा वाईट नव्हता. रिक्षा घेऊन आला, बापाची पिशवी भरली आणि त्याला माणिकपूरला घेऊन गेला.

तिथे काही कमी नव्हतं. ब्रिटनी एका ऑफिसात अख्खं डिपार्टमेंट सांभाळायची. घरही तसंच सांभाळायची, पटापट. पप्पांनी काय खायचं, केव्हा आंघोळ करायची, कुठल्या बाजूला झोपायचं, सगळं ती ठरवायची. सगळं प्रेमाने. "पप्पा, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. मी आहे ना!"

थॉमस म्हणायचा, "तू म्हणशील तसं, बाय."

सुरुवातीला तो निदान चहा मागायचा. मग तोही मागेनासा झाला. दिला तर प्यायचा. दाढी करू का, असं एकदा त्याने विचारलं. ब्रिटनी फोनवर होती, तिने ऐकलं नाही. त्याने दाढी केली नाही. पहाटे लवकर जाग यायची आणि उठू की पडून राहू, याचाच विचार करत तो छताकडे बघत राहायचा.

अशात हरेश आला. हरेश लग्नाच्या लॉनचा धंदा करायचा. हसतमुख, बोलण्यात गोड. त्याला सांडोरची वाडी भाड्याने हवी होती. केळी काढून टाकायच्या, जमीन सपाट करायची, हिरवळ लावायची, दिव्यांच्या माळा सोडायच्या.

"अंकल, वाडी पडीक पडलीय. त्यापेक्षा चार लोकांची लग्नं होतील, आशीर्वाद मिळेल," हरेश म्हणाला.

"पप्पा, माझ्या मते चांगलं आहे," स्टीवन म्हणाला. "तुम्हाला आता ते झेपत नाही. मला तर केळीतलं शून्य कळतं. पण वाडी तुमची आहे. हो की नाही, तुम्ही सांगा."

थॉमसच्या डोळ्यांपुढे मांडव आला. मांडवावर वाळत घातलेली सोनेरी केळी आणि ओचा खोचून ती उलटवणारी उर्सुला. 'नाही' हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला. पण नाही म्हटलं तर वाडी करायची कुणी? घड कधी कापायचा ते कुणी सांगायचं? पोरगा रागावला तर? हरेश, स्टीवन, ब्रिटनी, तिघेही त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

"हे बघा! असे वडील आता मिळत नाहीत," हरेश म्हणाला. पुढच्या सोमवारी केळी काढायला माणसं आणायचं ठरलं.

त्याच आठवड्यात सालोमी आली. सालोमी ही उर्सुलाची धाकटी बहीण. मुंबईच्या इस्पितळात नर्स म्हणून आयुष्य काढून आता गावी राहिलेली. तिचं तोंड फटकळ, पण हात मायेचा. येताना तिने दोन पिशव्यांतून मासळी आणली होती.

"काय भावोजी, दाढी वाढवून साधू व्हायचा विचार आहे का?" तिने आल्या आल्या विचारलं. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिशव्या ठेवल्या. "एकीत बोंबील आहेत, एकीत मांदेली. आज काय करू? सांगा."

थॉमसने ब्रिटनीकडे बघितलं.

"मावशी, बोंबील कर. पप्पांना..." ब्रिटनी बोलायला लागली. सालोमीने तिचं मनगट धरलं.

"मी तुला विचारलं का गं? जीभ जरा दाताखाली ठेव."

थॉमसने एका पिशवीकडे बघितलं, मग दुसऱ्या. बोटं चोळली. ब्रिटनीला ते बघवेना. तिचे ओठ दोनदा उघडले आणि सालोमीने दोनदा तिचं मनगट दाबलं. स्टीवन घड्याळाकडे बघायला लागला.

"दोन्ही चांगले आहेत भावोजी," सालोमी हळू आवाजात म्हणाली. "चूक काही होत नाही. उरलेले उद्या खाऊ."

आणखी थोडा वेळ गेला.

"मांदेली," थॉमस म्हणाला. मग थोडं थांबून, "कुरकुरीत कर."

ब्रिटनी बघतच राहिली! या घरात आल्यापासून पप्पांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

जेवणं झाली. बोलता बोलता स्टीवनने आग्नेलच्या बापाची गंमत सांगितली, ब्रिटनीने रविवारच्या शर्टाची, आणि वाडीची गोष्टही सालोमीला तेव्हाच कळली. तिने ताट बाजूला सारलं.

"कुणी ठरवलं?"

"पप्पांनी हो म्हटलंय, मावशी. मी जबरदस्ती नाही केली," स्टीवन म्हणाला. "विचार हवं तर."

"हो म्हणाले? हो, हा शब्द उच्चारला?"

"म्हणजे... तू म्हणशील तसं, म्हणाले."

"त्याला होकार म्हणतात का रे? ज्या माणसाला शर्ट निवडायला घाम फुटतो, त्याने वाडी द्यायचं ठरवलं, असं तू मानतोस?"

"मग मी काय करू? ते काही ठरवतच नाहीत! कुणीतरी ठरवायला नको? सगळं गाव म्हणतं, थॉमस किती चांगला, पोराच्या शब्दाबाहेर नाही."

"गावाला काय जातंय बोलायला! मघाशी तूच सांगत होतास ना, आग्नेलचा बाप पंख्यावरून भांडतो म्हणून? तो म्हातारा ठणठणीत आहे, म्हणून भांडतो. त्याला काय हवं ते त्याला कळतं. तुझा बाप भांडत नाही, कारण तो आजारी आहे. आणि तुम्ही त्याचा आजार चांगुलपणा म्हणून मिरवताय!"

स्टीवनचा चेहरा लाल झाला. "आजारी म्हणजे? पप्पा वेडे आहेत का?"

"वेडा कुणी म्हटलं? ऐक. लहानपणी जांभळीवरून पडून तुझा हात मोडला होता. आठवतं? तेव्हा कुणी तुला हंडा उचलायला सांगितला का?"

"नाही."

"प्लास्टर घातलं. बरोबर. पण ते जन्मभर ठेवलं का? ठेवलं असतं तर हाताची काडी झाली असती. प्लास्टर काढलं आणि तुझ्या आईने रोज तुला चेंडू दाबायला लावला. रडायचास तू. ती थांबायची, पण दाबायला लावायचीच. भावोजींचं मन तसं मोडलंय. आणि तुम्ही दोघं काय करताय? एकीकडे वाडीचा हंडा उचलायला लावताय आणि दुसरीकडे शर्टसुद्धा उचलू देत नाही. दोन्ही उलटं!"

ब्रिटनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, मी त्यांना त्रास होऊ नये म्हणून..."

"मला माहीत आहे, पोरी. तुझ्याइतकं कुणी करणार नाही. पण माणसाचं सगळं आपण ठरवायला लागलो ना, की त्याला वाटायला लागतं, आपण नसलो तरी चालेल."

आणि मग थॉमस बोलला. तो ताटाकडे बघत होता.

"सालोमी खरं बोलते," तो म्हणाला. "मला ठरवता येत नाही रे, स्टीवन. काहीच. डोक्यात नुसता गोंधळ होतो. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी 'तू म्हणशील तसं' म्हणतो."

केवढं धाडस होतं ते! ज्याला दोन शर्टांतला एक निवडता येत नव्हता, त्याने आपलं दुखणं चारचौघांत उघडं करायचं ठरवलं. मोठमोठ्या माणसांना जे जमत नाही, ते सांडोरच्या या साध्या बागायतदाराने करून दाखवलं. स्टीवन खुर्चीवरून उठला, बापाच्या पायाशी बसला आणि रडला.

"पप्पा, मला कळलंच नाही. मला वाटलं, तुम्ही खूश आहात."

"डॉक्टरकडे जायचं का, भावोजी?" सालोमीने विचारलं. "मनाच्या डॉक्टरकडे. जायचं की नाही, ते तुम्ही सांगायचं. आज नाही सांगितलं तरी चालेल."

स्टीवन चटकन म्हणाला, "पण इथे तसला जो एक दवाखाना आहे, त्याच्याखाली रिक्षा स्टँड आहे. सगळे ओळखीचे."

"मग रिक्षानेच जाऊ. त्यांनाही कळू दे, वेळ आली तर कुठे उतरायचं ते."

थॉमसच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "जाऊ या," तो म्हणाला.

डॉक्टर संपदा तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी सगळं थॉमसलाच विचारलं आणि त्याच्या उत्तराची वाट बघितली. जोडीदार गेल्यावर दुःख होणं हा आजार नाही, त्या म्हणाल्या. पण झोप, भूक, इच्छा सगळंच इतके महिने गेलेलं असलं, तर मनाला औषधाची आणि मदतीची गरज असते. अशा वेळी लहानसा निर्णयही डोंगराएवढा वाटतो. माणूस तो टाळतो. टाळला की स्वतःवरचा विश्वास आणखी कमी होतो आणि पुढचा निर्णय आणखी जड होतो. त्यांनी गोळ्या दिल्या, पुन्हा बोलायला बोलावलं आणि निघताना दोन गोष्टी सांगितल्या. जमीन, घर, असले मोठे निर्णय सध्या बाजूला ठेवा. आणि रोजचं एखादं लहान काम थॉमसनेच ठरवायचं. कितीही वेळ लागो.

स्टीवनने हरेशला फोन करून माणसं आणू नको म्हणून सांगितलं. हरेश कुरकुरला, पण थांबला.

बरं व्हायला वेळ लागला. गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी माणूस उठून नाचायला लागला, असं होत नाही. कधी थॉमस बाजारात जाऊन भाजी स्वतः निवडायचा, तर कधी पिशवी रिकामीच घेऊन परत यायचा. सगळ्यात कठीण काम ब्रिटनीला होतं. गप्प राहायचं! एक प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. ऑफिसात शंभर निर्णय झटपट घेणारी ती मुलगी सासऱ्यासमोर चहाचे दोन कप धरून उभी राहायला शिकली. एकात साखर, एकात गूळ. चहा निवला तर पुन्हा गरम करायची, पण बोलायची नाही. खरंच, तिचंही कौतुक करावं तेवढं थोडं.

नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी थॉमस हॉलमध्ये पेपर वाचत होता. तो एकदम म्हणाला, "ब्रिटनी, हा पंखा किती जोरात ठेवलाय! दोनवर कर."

"पप्पा, गरम होतंय. तीनच बरा आहे."

"तुला गरम होत असेल. मला गार वारा लागतो. दोनवर कर म्हणतो ना!"

ब्रिटनीने पंखा दोनवर केला, आत गेली आणि स्टीवनला फोन लावला. तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. "स्टीवन, पप्पा भांडले माझ्याशी! पंख्यावरून!"

त्यानंतर तो रविवार आला. मिस्सा झाल्यावर थॉमस म्हणाला, "सांडोरला जाऊ." कुणी विचारलं नव्हतं, त्यानेच ठरवलं. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता.

वाडीत गवत माजलं होतं. कुंपणाशी आग्नेल होता. तो जवळ आला. आता त्याला हसू येत नव्हतं. थॉमसने घरातून कोयता आणला, दगडावर घासला आणि एका भरलेल्या घडासमोर उभा राहिला. मागे स्टीवन, ब्रिटनी आणि सालोमी.

"कापू?" थॉमसने विचारलं.

जुनी सवय. उत्तर द्यायला ती नव्हती. स्टीवनला वाटलं, आपण बोलावं, काप म्हणावं, बापाला त्या शांततेतून सोडवावं. त्याने ब्रिटनीकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही. स्टीवनने ओठ घट्ट मिटले.

थॉमसने कोयता डाव्या हातात घेतला. उजवा हात घडावरून फिरवला, उर्सुला फिरवायची तसा, वरून खाली. एका केळ्याच्या कडेवर अंगठा थांबला. त्याने डोळे मिटले. मग उघडले.

"आज नको," तो म्हणाला. "उद्या."

आणि त्याने कोयता खाली केला. सालोमीने पदर डोळ्यांना लावला. तिच्या बहिणीचा शब्द कितीतरी महिन्यांनी त्या वाडीत ऐकू आला होता, आणि आता तो थॉमसचा स्वतःचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच रिक्षाने सांडोरला गेला. घड कापला. पेंढा पसरला. मग त्याने खिशातून फोन काढून स्वतः हरेशला लावला.

"हरेश, वाडी द्यायची नाही. मी सुकेळी करणार आहे."

"अंकल, आरामात विचार करा. मन बदललं तर स्टीवनला सांगा."

"बदललं तर मीच सांगेन," थॉमस म्हणाला.

मित्रांनो, निर्णय घेणं ही केवळ हुशारीची गोष्ट नाही. ती मनाच्या तब्येतीची गोष्ट आहे. मन थकलं की ते सगळ्यात आधी रोजच्या साध्या वागण्यात दिसतं. बाजारातून रिकामी येणारी पिशवी, न केलेली दाढी, आणि सारखं 'तू म्हणशील तसं'. अशा माणसाला हसू नका. त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. त्याला डॉक्टरकडे न्या आणि त्यात लाज मानू नका. मोठं ओझं त्याच्यावर टाकू नका, पण त्याचं लहान ओझंही सगळंच काढून घेऊ नका. माणूस आपल्या हाताने जे ठरवतो, त्यानेच तो हळूहळू पुन्हा उभा राहतो.

आज तुमच्या घरातल्या अशा माणसाला एकच गोष्ट विचारा. चहा की कॉफी, बोंबील की मांदेली, काहीही. आणि विचारल्यावर थांबा.